डाव्या हाताचं सारवण

भुतंखेतं, करणी-भानामती यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माहेरी असल्या गप्पा निघाल्या की आम्ही बहिणी हसायचो. हे सांगतेय ते साठ सालाच्या आगेमागचं, मुळशीतल्या रिहे गावचं... आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी घाबरले नव्हते. मला राग आला होता.

मी दुसरेपणावर दिलेली. पहिली, सोना, बाळंतपणात गेली. तेव्हापासून शेतावरचं घर बंद होतं. हे आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावातच राहायचे. लग्नानंतर शिमगा झाला आणि यांनी ठरवलं, आता शेतावर राहायला जायचं. मला केवढा आनंद! म्हटलं, तिथं तरी माझा संसार माझा असेल.

कसलं काय! कुलूप काढलं आणि घरभर तीच. सोना डावखुरी होती. चूल अशी मांडलेली की लाकूड डाव्या हातानंच सारावं. विळी, खुंट्या, पाण्याची मडकी, सगळं त्याच बाजूला. आत्याबाई एकेका वस्तूपाशी थांबून तिचं कौतुक सांगत होत्या, आणि हे मुकाट्यानं ऐकत होते. सोनाचं सारवण तर म्हणे बघत राहावं असं. मेलेल्या बाईशी भांडताही येत नाही हो! मी आपली दातओठ खात जाळ्या काढल्या, उंदरांची बिळं बुजवली.

मग ती दोघं खाली राब भाजायला गेली. भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा पसरून जमीन जाळतात, ते. मी घमेल्यात शेणाचा काला केला. गळ्यात सोनाच्या नावाचा चांदीचा टाक होता – दुसरीनं पहिलीचा टाक घालायचा, अशी रीत. वाकलं की तो मेला पुढं लोंबायचा. शेवटी मी तो काढला, दाराजवळच्या खुंटीला अडकवला आणि त्याला म्हटलं, "बस हितंच. घर माजं हाय आता."

आतली अर्धी खोली सारवून झाली आणि पाणी संपलं. कुत्री येऊन तुडवतील म्हणून बाहेरून कडी लावली आणि विहिरीवर गेले. तिथून खालच्या धुरात हे आणि आत्याबाई, दोघंही दिसत होती.

परत येऊन कडी काढली... तर दारापर्यंतची सगळी जमीन सारवलेली! ओली. घमेलं रिकामं. पाऊल कुठंच नाही. माझ्या अर्ध्यात बोटांच्या कमानी नेहमीसारख्या वळलेल्या, आणि उरलेल्या अर्ध्यात बरोब्बर उलट्या. डाव्या हाताच्या. एकसारख्या, सुबक... माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या. टाक खुंटीवरच होता. त्याला ओलं शेण लागलं होतं.

संध्याकाळी हे आले आणि दारातच थांबले. कितीतरी वेळ पायाशी बघत राहिले.

"लई दिसांनी घर घरावानी दिसतंय," म्हणाले. "तुजा हात चांगला हाय."

लग्नानंतरचा कौतुकाचा हा पहिला शब्द. मागून आत्याबाईंनी जमिनीकडे पाहिलं, नखांत शेण राहिलेल्या माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या.

मी म्हटलं, "व्हय. मीच सारवलं."

लोक म्हणतात, रागाच्या भरात तूच सारवलं असशील आणि विसरली असशील. असेल! पण दुसऱ्या दिवशी मी परसात डाव्या हातानं सारवून पाहिलं. एक कमान धड उमटली नाही. आत्याबाईंना विचारायचं धाडस झालं नाही, आणि त्याही कधी बोलल्या नाहीत. टाक मी धुऊन पुन्हा गळ्यात घातला. तो परत कधी काढला नाही.

त्यानंतर वर्षानुवर्षं ते घर मीच सारवलं, जीव ओतून. यांनी पुन्हा कधी जमिनीकडे पाहिलंसुद्धा नाही.