बेल-भंडार उचलला, सही राहिली

आमच्या राजश्री मॅडमचं एक वाक्य शिरूरच्या कोर्टात सगळ्यांना पाठ आहे. "तोंडी काही नाही, सही कुठाय?" पक्षकार दारात रडत उभा असला तरी आधी हे विचारणार, मग पाणी देणार. मी तिची टायपिस्ट, ललिता. वयानं तिच्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून आम्ही दोघीच असलो की तिला राजश्री म्हणते, लोकांपुढं मॅडम. तर अशा बाईला एका मास्तरणीनं तोंडी शब्दावर गंडवलं, हे मला अजून पचलेलं नाही. सांगते, पण मध्येच माझा पारा चढला तर आवर म्हणू नका.

ते वाक्य आलंय तिच्या बापावरून. बबनराव, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एका खासगी शाळेत शिपाई होते. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, संस्थाचालकाच्या घरी लग्न निघालं की तिथंही राबायचं. "बबन, येत्या जूनला तुला कायम करतो," असं त्यांना दर जूनला सांगायचे. आबा बुद्धविहारातले जुने जाणते, दिलेला शब्द पाळणारे. समोरचाही तसाच असणार असं धरून चालले. एक दिवस त्यांच्या स्टुलावर दुसराच माणूस बसलेला. आबा शिक्षण खात्यात दाद मागायला गेले तर तिथल्या साहेबानं विचारलं, नेमणुकीचा कागद कुठाय? कागद कुठला आलाय. राजश्री तेव्हा अकरावीत होती, आबांबरोबर तीच गेली होती. ती वकील झाली ती त्या दिवसापायी.

सनद मिळाल्यावर बाकीचे वकील जमिनीच्या वाटण्या आणि मारामाऱ्या धरून बसले, हिनं शाळा आणि नोकऱ्या धरल्या. संस्थेनं काढलेले शिक्षक, शिपाई. एमआयडीसीत सकाळी गेटवर कार्ड चालेनासं झालेली कंत्राटी पोरं. आणि "तुमचं लेकरू आम्हाला झेपत नाही" म्हणून शाळेनं ज्यांच्या हातात दाखला टेकवलाय, असे आईबाप. बार रूममध्ये तिला चिडवायचे, "मॅडम, एखादी बांधाची केस घ्या की, पोटापाण्याला बरी." ती म्हणायची, "बांध कोरणारे तुम्हाला लखलाभ. माझ्याकडं माणसं कोरणारे पुष्कळ आहेत."

सविता अशीच आमच्याकडं आली. दौंडकडच्या एका संस्थेत ती विशेष शिक्षिका. म्हणजे जी मुलं गतिमंद आहेत, बोलत नाहीत, एका जागी बसत नाहीत, त्यांना बाकीच्या मुलांत बसवून शिकवायचं, हे तिचं काम. बाळंतपणाची रजा संपवून परत गेली तर तिच्या जागेवर अध्यक्षांची भाची. अध्यक्षांना सगळा भाग आप्पा म्हणतो. राजश्री पुण्याला न्यायाधिकरणात भांडली, तारखांवर तारखा पडल्या, पण सविताची जागा तिनं परत मिळवून दिली. निकालाच्या दिवशी सविता पाया पडायला वाकली, तर राजश्रीनं तिला मधेच धरलं. म्हणाली, "पाया नका पडू, पोरांना शिकवा." सवितानं पेढे आणले होते. मीही खाल्ले, मेले चांगले होते.

आणि शिकवायची हो ती, खोटं कशाला बोलू. तिच्या वर्गात वैष्णवी नावाची नऊ वर्षांची पोर होती. बाप सर्जेराव दुधाचा टेम्पो चालवतो, आई म्हाळसा शेतात जाते. वैष्णवीला कुणी कितीही हाका मारा, ती बघायचीच नाही. सवितानं वर्षभर खपून तिला हजेरी द्यायला शिकवलं. बाकीच्यांची नावं नेहमीसारखी घ्यायची, आणि हिच्या नावाला हात पुढं करून, गाण्यासारखं लांबवून म्हणायची, "वैऽष्णूऽऽ." मग पोरगी त्या हातावर टाळी द्यायची आणि म्हणायची, "हजर बाई." म्हाळसानं ते पहिल्यांदा खिडकीतून ऐकलं तेव्हा ती शाळेच्या पायरीवर बसून रडली होती.

पुढं आप्पांनी शाळेला नवा रंग दिला, नवे पालक यायला लागले, आणि त्यातल्या काहींना आपल्या पोरांशेजारी वैष्णवी नको झाली. शाळेनं तिचा दाखला घरी पाठवून दिला. तेव्हा म्हाळसाला हाताला धरून आमच्याकडं कोणी आणलं? सवितानंच. "मॅडम, ही पोरगी शिकतीय. मी साक्ष देते," म्हणाली. राजश्रीनं मला लगेच तिचं प्रतिज्ञापत्र टाइप करायला सांगितलं. वैष्णवी काय काय शिकली, हजेरी कशी देते, सगळं सवितानं सांगितलं आणि मी घातलं. त्या रविवारी पोरीला बघायला त्यांच्या घरी जायचंच होतं, सविताही येणार होती, सही तिथंच घेऊ असं ठरलं.

म्हाळसाचं घर खंडोबाचं. चहा झाला, आणि तिनं देव्हाऱ्यातून ताटलीत बेल आणि भंडारा आणला. त्या घरात मोठा शब्द द्यायचा तर तो असाच देतात. सवितानं दोन्ही हातांनी बेल-भंडार उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "मल्हारी मार्तंडाची आण, वैष्णवीला मी अंतर देणार न्हाई." म्हाळसानं डोळ्याला पदर लावला. मग राजश्रीनं पिशवीतून कागद काढला. "आता इथं सही करा."

सर्जेराव खाली बघत म्हणाला, "मॅडम, भंडार उचलल्यावर सही मागायची? म्हंजी देव खोटा झाला का?" सविताचे डोळे भरले. "तुम्हाला माझा भरवसा न्हाई व्हय?"

राजश्री काही देवाला मानत नाही. पण दुसऱ्याच्या घरात बसून, त्यांच्या देवासमोर, तुमची शपथ मला पुरत नाही असं कसं म्हणायचं? आपण बौद्ध, उद्या म्हणतील हिला आमच्या देवाची किंमत नाही. सही घे म्हणून मी तिला कोपरानं ढोसलं. पण तिनं कागद घडी घालून पिशवीत ठेवला. वाटेत मी बोललेच, "राजश्री, आबा विसरलीस काय?" तर म्हणाली, "ताई, प्रत्येक घरात कोर्ट नेता येत नाही. ऑफिसात बोलावून घेऊ सही." जन्मात पहिल्यांदा तिनं तोंडी शब्द धरला, आणि तोही लोकांचा मान ठेवायला.

सविता ऑफिसात आलीच नाही. आधी ताप, मग परीक्षा, मग पाहुणे, मग फोनच उचलेना. एकदा दौंडच्या कोर्टातून निघालो, तर चौकात हा भला मोठा फ्लेक्स. वर आप्पा हात जोडून, खाली पैठणी नेसलेली सविता. विशेष शिक्षण विभागाच्या प्रमुखपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. राजश्रीनं गाडी बाजूला घेतली. म्हणाली, "काम चांगलं करते, मिळालं असेल." मी म्हटलं, "आप्पा फुकट कुणाला फ्लेक्सवर चढवत नाही." तिनं गाडी परत रस्त्यावर घेतली.

म्हाळसा सविताच्या घरी जाऊन आली. आमच्याकडं येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "ती म्हणती, मी जेजुरीला जाऊन आले. तळी भरली, माफी मागितली. देवाशी माझं मिटलंय."

"आन् पोरीशी?" मी विचारलं.

"मी बी तेच इचारलं. तिनं दार लावून घेतलं."

काय जात असते बघा माणसाची. ज्या बाईनं तुझी भाकरी तुला परत मिळवून दिली, तिच्या पाठीत सुरा, आणि वर देवाकडून पावती. मला तर वाटलं तसंच उठावं आणि दौंडला जाऊन तिच्या झिंज्या उपटाव्यात. राजश्रीनं फक्त विचारलं, "ताई, ते टाइप केलेलं आहे ना अजून?" आहे की, पण बिनसहीचं. त्याचं काय लोणचं घालायचं?

पुण्याला शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांपुढं सुनावणी झाली. वैष्णवीला त्याच शाळेत, त्याच वर्गात परत घ्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. डॉक्टरांचे कागद होते, आईबापाचं म्हणणं माया म्हणून सोडून देतात, आणि पोरगी वर्गात काय करते हे सांगणारी एकच बाई, आणि ती आप्पांच्या शेजारी बसलेली. सवितानं सांगितलं, "मुलगी नावाला प्रतिसाद देत नाही. सर्वसाधारण वर्गात ठेवणं तिच्याच हिताचं नाही." सगळं पुस्तकी बोलली, एकदाही आमच्याकडं न बघता.

राजश्री उठली. "साहेब, बाईंनी इथंच मुलीची हजेरी घ्यावी." अधिकारी माणूस बरा होता. म्हणाला, घ्या.

सविता उभी राहिली. हातातली फाइल छातीशी धरून म्हणाली, "वैष्णवी सर्जेराव." सरळ, कोरडं. पोरगी तिच्या तोंडाकडं बघत होती. मग तिच्या हाताकडं बघायला लागली. हात काही फाइलवरून निघेना. अधिकारी म्हणाले, पुन्हा एकदा. सविता पुन्हा तस्संच म्हणाली.

"साहेब, त्या अशी हजेरी घेत नाहीत," राजश्री म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

संस्थेचा वकील बसल्या जागेवरून म्हणाला, "मग कशी घेतात? बाईंचं तसं काही लेखी आहे का तुमच्याकडं, मॅडम? सही?"

राजश्रीचा हात पिशवीतल्या त्या बिनसहीच्या कागदावर गेला, आणि तिथनंच परत आला. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, मुलीनं प्रतिसाद दिला नाही, विशेष शाळेत पाठवावं. त्यांचा तरी काय दोष, त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं.

आम्ही जिना उतरत होतो. पुढं आप्पांची माणसं, त्यांच्या मागं सविता. वैष्णवीनं म्हाळसाचा हात सोडवला आणि पळत जाऊन सविताला गाठलं. सविताचा हात ओढून तिनं पंजा उलटा केला, त्यावर टाळी दिली आणि म्हणाली, "हजर बाई." आणि हसली. एवढा वेळ पोरगी हात पुढं यायची वाट बघत होती.

सवितानं हात काढून घेतला. "बरं," म्हणाली, आणि आप्पांच्या गाडीत जाऊन बसली. वर अधिकारी पुढच्या प्रकरणात होते, ऐकायला खाली आम्हीच. म्हाळसानं पोरीला उचलून घेतलं. नऊ वर्षांची पोर, जड आहे, तरी गाडीपर्यंत खाली ठेवली नाही.

राजश्रीनं वरच्या कोर्टात दाद मागितली आहे, तारीख लागायची आहे. त्या दिवशी परतताना आम्ही शिक्रापूरच्या पुढं आलो होतो. वैष्णवी मागं आईच्या मांडीवर झोपली होती. मग राजश्री हळूच म्हणाली, "ताई, आबांना यातलं काही सांगू नका."