डाव्या कार्बुरेटरचा स्क्रू

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पोरींना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं — ते आता नाहीत. तुम्हाला सांगते, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचे हे दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सगळे त्यांना गायकवाड मिस्त्री म्हणायचे. क्वार्टरच्या अंगणात आमची मोटरसायकल उभी असायची — विलायती, काळी, दोन सिलिंडरची. शेडमधला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर देश सोडून गेला, तो जाताना ह्यांना देऊन गेला. महिन्यातून एकदा आम्ही तिच्यावरून शिरूरला, माझ्या माहेरी जायचो. न्हावऱ्याच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना ज्वारी, मी मागं एका अंगानं बसलेली, पदर दातांत धरलेला. इनामगावापाशी नदीकाठी थांबून दशम्या खायच्या. हे गाडीकडं बघत खायचे, मी ह्यांच्याकडं बघत. तसं सुख पुन्हा मिळालं नाही.

त्या गाडीला दोन कार्बुरेटर. दोघांनी हवा सारखी ओढली तर गाडी लोण्यासारखी चालायची. एकानं जास्त ओढली की खोकायची, हिसके द्यायची. म्हणून रविवारी हे अंगणात पोतं टाकून बसायचे. रबरी नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. हवेचा सूंऽऽ आवाज दोन्हीकडं सारखा येईपर्यंत स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. मी शेजारी मेथी निवडत असायची. कधी नळी माझ्या कानाला लावायचे. "ऐक. कुठलं जास्त वढतंय?" मी सांगायची — डावं. "व्हय की गं! बराबर!" असं म्हणून लहान पोरासारखे हसायचे.

पण शेडमध्ये दिवसभर बॉयलरवर घण पडायचे. ह्यांचा कान हळूहळू जात होता. त्यांना ते कळलं नाही. मला कळलं — कारण हे "झालं बघ" म्हणायचे आणि झालेलं नसायचं.

मग मी काय केलं? गाडी चालू ठेवून हे नळावर हात धुवायला गेले की मी नळी उचलायची, स्क्रू पाव फेरा फिरवायची, नळी होती तिथं ठेवायची. दोन वर्षं असंच चाललं. सांगितलं का नाही? तेव्हा वाटायचं, नवऱ्याचा मान राखतेय. आता वाटतं — मला ते गुपित आवडत होतं.

एकदा शिरूरला जेवताना माझा भाऊ सहज म्हणाला, "दाजी, ताईबी नळी लावून ऐकती म्हणं!" हे हसले. म्हणाले, "बायकांचा कान भांड्यांच्या आवाजाला. मशीनचं काम न्हाई ते." सगळे हसले. आई हसली. मीही हसले — आणि वाढायला आत गेले, ती बराच वेळ बाहेर आले नाही.

पुढच्याच रविवारी कवठे येमाईचे आप्पा येणार होते. फुलांचे मोठे बागायतदार, अशीच गाडी बाळगणारे. शिरूरला रस्त्याकडेला त्यांची जागा होती, तिथं गॅरेज काढायचं होतं आणि ह्यांना मिस्त्री म्हणून न्यायचं होतं. आधी कामाचा हात बघतो म्हणाले होते. तो आठवडाभर हे झोपेतसुद्धा हसत असतील. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गॅरेजचा नकाशा काढला होता — आणि त्याच्या मागं आमची खोली, स्वयंपाकाचा ओटा कुठं ते मला विचारून.

रविवारी आप्पांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वाजली तेव्हा हे नळावर हात धूत होते. मी नळी उचलली. ऐकलं. उजवं जास्त ओढत होतं — थोडंसंच. डाव्याचा स्क्रू पाव फेरा फिरवला असता तर भागलं असतं.

मी फिरवला. पण उलटा. अर्धा फेरा.

चुकून नाही.

आप्पा वाकले, नळी स्वतःच्या कानाला लावली. हळू बोलले, पण बोलले. "मिस्त्री, उजवीकडं लईच वढतंय की. तुम्हाला ऐकू न्हाई येत?"

ह्यांनी नळी घेतली. एका कानाला लावली, मग दुसऱ्याला. मग माझ्याकडं बघितलं. परक्या माणसासमोर पहिल्यांदाच विचारलं, "तुला येतंय का गं काही?"

तेव्हाही वेळ होती, नाही का? मी म्हणाले, "मला काय कळतंय मशीनमधलं? बायकांचा कान."

आप्पा भले होते. चहा घेतला, "बघू पुढं" म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. दिवाळीआधी ह्यांनी गाडी विकली. शिरूरला आम्ही एसटीनं जायला लागलो. खिडकीशी मी, आणि हे समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत. रिटायर होईपर्यंत हे शेडमध्येच राहिले, त्या घणांत. उरलासुरला कानही तिथंच गेला.

जायच्या आधी काही महिने हे खाटेवर बसून एकदम म्हणाले — बहिऱ्या माणसासारखे, मोठ्यानं — "शिरूरात तुला सगळ्यांपुढं बोललो होतो. ध्यानात हाय माझ्या. चुकलं माझं."

त्यांना ऐकू जाईल असं काही सांगायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. शेजारच्या चार घरांना ऐकू गेलं असतं.

मी मान हलवली — जणू माफ केलं.