सातव्या ओळीतला अडकित्ता

गुरुजी म्हणून मी नोकरीत एकच खड्डा खणला आणि त्यात सगळ्यांसमोर पडलो. त्याची ही हकिगत.

नव्वदीतली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि मी कळमनुरीच्या अलीकडं एका गावात दोन खोल्यांच्या शाळेवर होतो. कृतीतून शिक्षण कसं द्यावं याचं प्रशिक्षण घेऊन नुकताच परतलो होतो. अशा मास्तरापासून गावानं जपून राहावं. दिसेल त्या वस्तूचं तो शैक्षणिक साधन करतो. माझ्या बायकोनं लाटणं कुलपात ठेवलं होतं.

तेवढ्यात निरोप आला, विस्तार अधिकारी साहेब माझा नमुना पाठ बघायला येणार. मी विषय निवडला : उत्खनन. शाळेच्या अंगणात खड्डा करायचा, त्यात जुन्या वस्तू पुरायच्या आणि पोरांनी खुरप्यानं, कुंच्यानं हळूहळू माती सारत त्या बाहेर काढायच्या.

आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडाहून कडक होते. म्हणून खड्डा भरायला मी पोरांना पांढरीवर पिटाळलं. पांढरी म्हणजे गावाबाहेरचं टेकाड. जुनं गाव तिथं होतं असं म्हातारी माणसं सांगत. पावसाळ्याआधी लोक तिथली पांढरी माती गाड्या भरभरून आणत आणि घराच्या माळवदावर अंथरत, म्हणजे पाणी झिरपत नाही. थोडक्यात, अख्खं गाव इतिहास डोक्यावर घेऊन झोपत होतं, आणि मी इतिहास पुरायला घरोघरी भंगार मागत फिरत होतो. हे तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर मला प्रशिक्षणाला कशाला पाठवलं असतं?

सात वस्तू जमल्या. मडक्याची खापरं, मोडका वरवंटा, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, निजामाच्या काळातलं नाणं, बांगडीचा तुकडा, दिवली आणि लोखंडी अडकित्ता. अडकित्ता शाळेला लागून राहणाऱ्या म्हातारीचा. तो तिनं अगदी जिवावर येऊन दिला.

"गुर्जी, परत देसान ना?"

"अहो, जमिनीत ठेवतोय. जमीन कुठं पळून जाते?"

आता माझी खरी हुशारी. तपासणीला वही पूर्ण लागते, हे नोकरीत पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. म्हणून 'सापडलेल्या वस्तूंची नोंदवही' मी आदल्या दिवशीच लिहून काढली. वस्तू, किती खोल सापडली आणि शोधणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव. नावंही विचारपूर्वक वाटली. नाणं शाळा समितीच्या अध्यक्षांच्या नातवाला. अडकित्ता सरपंचांच्या पोराला. माती वाहायला पोरं बरीच होती, वहीत ओळी सातच होत्या.

पाठाच्या दिवशी साहेब खुर्चीत बसले. पोरं खड्ड्यात उतरली. खापरं निघाली, घुंगरू निघालं, टाळ्या पडल्या. सरपंचांचं पोरगं मामाकडं आखाडा बाळापूरला गेलेलं, हा पहिला धक्का. दुसरा मोठा होता. सहा वस्तू निघाल्या आणि सातवी निघेना.

"नोंदीत सात आहेत, गुरुजी," साहेब वहीवर बोट ठेवून म्हणाले.

मी धोतराचा सोगा खोचला आणि स्वतः खड्ड्यात उतरलो. माती चाळली, उकरली. कपाळाचा घाम नाकावरून खड्ड्यात पडत राहिला. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून आवाज आला : कट्ट.

वर बघितलं. म्हातारी ओट्यावर निवांत बसून सुपारी फोडत होती. मला बघून तिनं मान हलवली.

"पहाटंच काढून नेला, गुर्जी. दोन दिस झाले, सुपारी न्हाई तोंडात. जीव जाऊन राहिला होता."

साहेबांनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"आशीर्वाद देतायत, साहेब."

त्याच वेळी तिसरीतली एक पोरगी माझा सदरा ओढू लागली. मळ्यातून चालत येणारी, मातीची सगळ्यात जास्त टोपली तिनंच वाहिली होती. तिच्या तळहातावर एक मणी होता. तांबडा, हरभऱ्याएवढा, त्यावर पांढऱ्या रेघा.

"गुर्जी, हे बगा. मला घावला."

मी असला मणी पुरला नव्हता. पण माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता : सहा आणि एक, सात.

"सापडली साहेब, सातवी!" असं ओरडून मी मणी मुठीत घेतला आणि सातव्या ओळीपुढं बरोबरची खूण केली. साहेबांनी मूठ उघडायला सांगितली नाही. पोह्यांचा वास सुटला होता. त्यांनी शेरा लिहिला : 'नोंदी अद्ययावत आहेत.'

पोरगी मात्र वहीपाशी उभी. तिला वाचता येत होतं. तो दोष माझाच.

"गुर्जी, हितं अडकित्ता लिवलंय. ह्यो मणी हाय."

"असू दे."

"आन् नाव सरपंचाच्या पोराचं काहून? त्यो तर आलाबी न्हाई. माती मी आनली, घावला मला. माझं नाव लिवा."

"नंतर बघू," मी म्हणालो. आमच्या खात्यात 'नंतर बघू' म्हणजे काय, ते तिला तिसरीतच कळलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज मी हजेरी घेताना 'हजर' म्हटल्यावर विचारायची, "लिवलं का?"

मी मणी काड्यापेटीत घातला, पेटीवर 'अडकित्ता, नग एक' अशी चिठ्ठी डकवली आणि कपाटात ठेवून दिला. कागद आणि वस्तू यांत फरक पडला तर वस्तू बदलावी, कागद नाही.

महिन्याभरानं नांदेडच्या एका कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक पांढरी बघायला आले. शाळेनं उत्खनन केलंय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून शाळेत डोकावले. मी छाती फुगवून कपाट उघडलं. काड्यापेटीवरची चिठ्ठी वाचून ते हसले, "एवढासा अडकित्ता?" पेटी उघडली आणि हसणं थांबलं. मणी उजेडात धरून त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला.

"गुरुजी, हा फार जुना आहे. कुठं मिळाला?"

माझी जीभ वहीला बांधलेली. "अंगणात. दीड हात खोल. नोंद आहे."

"म्हणजे शाळेखाली जुनी वस्ती आहे?" त्यांचे डोळे चमकले. "मग हे अंगण खणायलाच हवं. वेळ पडली तर ही भिंतसुद्धा..."

मला शाळा पडताना दिसू लागली. तोंड उघडलं, पण आवाज मागच्या रांगेतून आला.

"न्हाई सर. गुर्जी खोटं बोलून राहिले."

पोरगी उभी होती.

"माती पांढरीवरून आनली. लिंबाखालच्या कोपऱ्यातून. माझं टोपलं तितंच भरलं होतं. चला, दावते."

प्राध्यापकांनी माझ्याकडं बघितलं. मी खडूच्या डब्याकडं बघितलं.

ती पुढं, प्राध्यापक तिच्यामागं, आणि त्यांची पिशवी नि आमची नोंदवही घेऊन मी सगळ्यात मागं, अशी वरात पांढरीवर गेली. तिनं पायानं जागा दाखवली. तिथं उकरलेल्या कडेत खापरं दिसत होती, मी न पुरलेली. प्राध्यापकांनी डायरी काढली, तिचं पूर्ण नाव विचारलं आणि जागेच्या नोंदीपुढं लिहिलं. तिनं डायरी मागून घेतली, बोट फिरवत अक्षर अक्षर वाचलं.

"बराबर," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आता आपल्या वहीत."

"तिथं साहेबांची सही आहे बाई. खोडता येत नाही."

"मंग खोडू नका. खाली लिवा. खाली जागा हाय."

खाली जागा होती. पांढरीवरच बसून, वही मांडीवर घेऊन, मी आठवी ओळ लिहिली. मणी, एक. पांढरी, लिंबाखाली. आणि तिचं नाव, बापाच्या नावासकट.

पुढच्या तपासणीत साहेबांनी मोजलं : नोंदीत आठ, कपाटात सात. अडकित्ता कुठं गेला म्हणून लेखी खुलासा मागितला. मी तो दोन पानी दिला. म्हातारी, सुपारी, सरपंचांचं पोरगं, सगळं खरं लिहिलं. नोकरीतला माझा तेवढाच खरा कागद. त्यावर साहेबांचा शेरा आला : 'यापुढे उत्खनन करू नये.'

पण ते सगळं नंतरचं. आठवी ओळ लिहिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हजेरीला तिचं नाव पुकारलं. ती "हजर" म्हणाली आणि खाली बसली.