गॅरेजमधले मौनीबाबा

आमचे हे बोलत नाहीत, वाजतात. खालच्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलीच नाही. तिथे यांचं लाकूड कातायचं लेथ, पॉलिश मारायचा कॉम्प्रेसर आणि गावभरच्या मोडक्या खुर्च्या. निवृत्त झाल्यापासून चहा झाला की शटर वर ढकलायचं आणि अख्खी गल्ली दचकवायची, हा यांचा नेम. जेवताना मात्र "हं" आणि "वाढ" यापुढे गाडी जात नाही. शेजारी यांना मौनीबाबा म्हणतात.

लेक नर्स. तिला रात्रपाळी लागली, तशी ती उजाडल्यावर यायची आणि गॅरेजच्या वरच्या खोलीत झोपायची. म्हणजे, झोपायचं नाटक करायची. एकदा लाल डोळ्यांनी स्वयंपाकघरात आली. "आई, मी मैत्रिणीकडे राहायला जाते. काल इंजेक्शन भरताना डुलकी लागली मला."

"बाबांना सांग ना."

"त्यांना काय फरक पडतो? लेथ राहिलं की झालं त्यांना."

मी तडक खाली गेले, मशीन बंद केलं आणि म्हटलं, "अहो, पोरगी घर सोडून चाललीय!" हे म्हणाले, "हं." असा संताप आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी यांनी गॅरेजच्या भिंतीवर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. कोणीतरी सांगितलं होतं, आवाज शोषतात. कसले शोषतात! फक्त पालींची सोय झाली. लेकीने बॅग भरून दाराशी ठेवली. म्हणाली, "रविवारपर्यंत बघते."

मग ती बाहेर गेलेली बघून हे तिच्या खोलीत जमिनीला कान लावून आडवे झाले. मी खाली एकेक मशीन चालू करायचं आणि आवाज आला की यांनी वरून पाय आपटायचा. लेथ चालू केलं तर नुसतं धाडधाड! तेव्हा कळलं, लेथचा बाक भिंतीला बोल्टने आवळलाय, आणि तीच भिंत वर लेकीच्या उशाला आहे. म्हणजे लेथ सुरू झालं की पोरीची खोलीच थरथरायची.

बाक भिंतीपासून सोडवला, पायांखाली जुन्या टायरचे जाड तुकडे दिले. कॉम्प्रेसर मागच्या अंगणात, हवा खेळेल अशा पेटीत गेला. शटरचे ढिले बोल्ट आवळले, पट्ट्यांना ग्रीस लावलं, खाली रबर बसवलं. शटर असं बिनआवाज वर गेलं की मला खरंच वाटेना.

रविवारी लेक झोपली होती. लेथ मांजरासारखं गुरगुरत होतं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर भाजी चिरत बसले, आणि गॅरेजमधून खणखणीत आवाज आला. आत दुसरं कोणी नव्हतं. हे लेथशी बोलत होते! इतके दिवस त्या गोंगाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली. गोंगाट गेला, सवय राहिली.

"राहील ना रे पोरगी? लहानपणी माझ्या पावलांवर पाय ठेवून घरभर चालायची. गेली तर घर खायला उठेल मला. पण तिला 'थांब' म्हणायला जीभच वळत नाही बघ." मग लगेच पुढे, "आणि हिच्या भाजीत आजही मीठ नव्हतं. बोललो तर घर डोक्यावर घेईल."

अस्सं! मी सुरी ठेवून उठलेच. तर वरच्या पायरीवर लेक बसलेली, केस विस्कटलेले, गालांवर पाणी.

"झाली ना झोपमोड? थांब, सांगते त्यांना, सगळं वर ऐकू येतं म्हणून."

तिने धावत येऊन माझा हात धरला. "आई, खबरदार सांगितलंस तर!"

आणि दाराशी ठेवलेली बॅग उचलून ती आपल्या खोलीत घेऊन गेली.

तेव्हापासून मी रोज त्याच पायरीवर भाजी चिरते आणि माझ्या हाताच्या चवीचा उद्धार मूग गिळून ऐकते. मीठ मात्र आता थोडं जास्त घालते.