दिवा लागला नाही म्हणून

साठ सालाच्या पुढेमागे मी घाटंजीच्या एका जिनिंग कारखान्यात वायरमन होतो. तेलाचं इंजिन जाऊन विजेच्या मोटरी नुकत्याच आल्या होत्या. दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली की उन्हाळ्यापर्यंत पाठ टेकायला फुरसत नसे. नाकात, कानात, भाकरीवर, सगळीकडे कापसाची लव. घरी आलं की बोलायचंही जिवावर येई. पण बोलावं लागे, कारण बायको बाहेरून इंटरच्या परीक्षेला बसली होती आणि तर्कशास्त्र हा तिचा विषय होता. ती भाकरी थापायची आणि मी समोर बसून पुस्तक मोठ्यानं वाचायचो. वाचता वाचता माझा डोळा लागला की ती म्हणे, पुढचं वाक्य. असं, मनात नसताना, मला कळत गेलं की वाक्य खरं किंवा खोटं असतं, अनुमान वैध किंवा अवैध असतं, आणि या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कारखान्यात कापूस मोकळा करायचं एक यंत्र होतं. लोखंडी पेटीत काटेरी ढोल फिरे. कापूस अडकला की मोटर बंद करायची, पेटीचं झाकण उघडायचं आणि हातानं गुंता ओढून काढायचा. मोटर चालू-बंद करायचा दांडा शेडच्या दुसऱ्या टोकाला होता, तिथून पेटी दिसत नसे. म्हणून यंत्र बसवणाऱ्या ठेकेदारानं दांड्याच्या वर एक लाल दिवा लावून दिला होता. झाकण उघडलं की दिवा लागायचा, आणि दिवा लागलेला असेतो दांडा ओढायचा नाही, एवढाच नियम.

त्या हंगामात, तांड्यावरून कामाला येणाऱ्या एका बाईची उजव्या हाताची दोन बोटं त्या ढोलात गेली. चाळिशीची बाई, कमी बोलणारी. गुंता काढत असतानाच मोटर सुरू झाली होती. दवाखान्यातून हात बांधून ती आली तेव्हा मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना ऑफिससमोर उभं केलं. दांड्यावर उभ्या असणाऱ्या मोटरवाल्याला विचारलं, दांडा ओढताना दिवा लागला होता का? नव्हता, असं तो म्हणाला. मग मला विचारलं, झाकण उघडं असलं की दिवा लागतो ना? मी हो म्हणालो. मॅनेजर शांतपणे म्हणाला की मग झाकण बंद होतं, बाईनं पेटीच्या खालच्या फटीतून हात घातला, तो तिचा तिनं घातला, आणि आता तिला कामावर ठेवता येणार नाही.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "झाकण उघडंच होतं, भाऊ. मी खोटं कायले बोलू?"

मॅनेजरच्या बोलण्यात खोट कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. घरी येऊन भिंतीला टेकलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिनं तवा उतरवला, मॅनेजरची वाक्यं पुन्हा एकदा माझ्याकडून म्हणवून घेतली.

"अनुमान बरोबर हाय त्याचं," ती म्हणाली. "पयलं वाक्य खोटं हाय. झाकण उघडलं की दिवा लागते, हे कोणी ठरवलं? झाकण उघडं पाह्यजे, वायर धड पाह्यजे, बल्ब धड पाह्यजे. तिन्ही असलं तरच लागते ना?"

म्हणजे दिवा लागला नाही यावरून एवढंच निघत होतं की या तिन्हीपैकी निदान एक गोष्ट नव्हती. कोणती, ते निघत नव्हतं. मी रोज वायरी जोडणारा माणूस, पण तारेतून वीज जाते तसाच वाक्यांतून अर्थ जातो, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी झाकण उघडलं. दिवा लागला नाही. बल्ब काढून हलवला तर आत तुटलेली तार किणकिणली. मॅनेजरनं बल्ब हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला की तो अपघातानंतरही गेला असेल. तेही खरं होतं. मॅनेजरचं म्हणणं सिद्ध होत नव्हतं तसं बाईचंही होत नव्हतं. मला एकदम फार थकवा आला. वाटलं, जाऊ द्या, आपण काय करणार.

तेव्हा मोटरवाला बोलला. त्याचं घर याच नोकरीवर चालत होतं, आणि बोलण्यात त्याची मान अडकत होती. तरी तो बोलला.

"सायेब, त्या दिवशी सकाळीबी झाकण उघडलं होतं. म्या सोता जाऊन पाह्यलं. दिवा तवाबी नव्हता लागला. मले वाटलं, असंन काही."

मॅनेजरनं बल्ब माझ्या हातात परत दिला. म्हणाला, बाईला बसून कापसातली पत्ती वेचायचं काम द्या. मोटरवाल्याची नोकरीही राहिली.

त्यानंतर वायरिंग बदलायची परवानगी मी मागून घेतली. बायकोनं पाटीवर रकाने आखले. झाकण बंद म्हणजे एक, उघडं म्हणजे शून्य. दांडा ओढला म्हणजे एक, नाही तर शून्य. दोन्हीकडे एक असला तरच मोटरीला एक. हे वाक्य तारेत लिहायचं म्हणजे झाकणाचा खटका आणि दांड्याचा खटका एकाच तारेवर, एकामागे एक. दिवाही उलटा केला. आता झाकण बंद असलं की तो लागे आणि तो लागला तरच दांडा ओढायचा, म्हणजे बल्ब गेला तर माणूस थांबणार, चालवणार नाही.

बायको परीक्षा पास झाली. पुढे काही वर्षांनी नागपूरहून मोटरी तपासायला आलेल्या एका इंजिनिअरनं सांगितलं की हिशेब करणारी जी नवी यंत्रं निघाली आहेत, त्यांच्या पोटात असेच एक-शून्याचे खटके असतात, हजारोंनी. मी ऐकून घेतलं. चार मोटरी उघड्या पडल्या होत्या.

हजारो खटक्यांचं काय, आमचा एक खटकाच मला पुरून उरत होता. झाकण उघडलं की मोटर बंद पडते, काम खोळंबतं, म्हणून कोणीतरी खटक्यात लाकडी खुंटी ठोकून ठेवी. मग झाकण उघडं असो की बंद, तारेच्या लेखी ते कायम बंदच. मी खुंटी काढायचो, दोन दिवसांनी दुसरी असायची. कोणावर ओरडणार? गाड्या दाराशी उभ्या असत आणि सगळेच दमलेले असत. पत्ती वेचणाऱ्या बाईनंही एकदोनदा खुंटी उपटून माझ्या हातात आणून दिली. मी ती खिशात टाकून पुढच्या मोटरीकडे गेलो.