नाव बदललेलं कार्ड

कॉलेजच्या सर्व्हरवर लिनक्स प्रणालीचं नवं कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, चढवलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि नेटवर्क मेलं. नेटवर्क कार्डाचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. जिवंत असून उत्तर देत नाही म्हणजे काय! मी कीबोर्ड आपटला, सर्व्हरच्या पेटीला दोन लाथा घातल्या. दारातून आमचे शिपाई सावंतकाका म्हणाले, “मॅडम, मारून बोलणार आहे का ते?”

मग मशीनच्या नोंदी वाचल्या. नव्या कर्नेलनं कार्डाचं नाव बदललं होतं, आणि माझी सेटिंगची फाइल त्याला जुन्याच नावानं हाका मारत होती.

पेटीला टेकलेला पाय मी मागे घेतला. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहून मंदाची मधुरा केली होती. आठवड्याभरानं नवऱ्यानं त्या नावानं तीनदा हाक मारली. मी ओट्यापाशीच उभी होते, पण हाक मला आहे हे कळलंच नाही. मग कानाखाली बसली. “बहिरी आहेस का?” नाव बदलायचं यांनी, आणि मार खायचा आम्ही!

फाइलीत नवं नाव टाकलं असतं तरी भागलं असतं. मी कार्डालाच त्याचं जुनं नाव परत दिलं. पहिल्याच हाकेला त्यानं ओ दिली.