कारखानीस सर आणि राजाची बाजू

कारखानीस सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझं नाव पाहून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. गौरव समितीच्या अध्यक्ष महोदयांच्या तर नक्कीच पडतील. त्याला माझा इलाज नाही. लेखाची सुरुवात पहिल्या परिचयापासून करावी आणि आठवणी शक्यतो प्रसन्न असाव्यात, अशी सूचना मला आली आहे. पहिली सूचना पाळते. दुसरीचं पुढे बघू.

सर मला पहिल्यांदा दिसले ते कल्याणच्या आमच्या कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात. मी टिटवाळ्याजवळच्या एका गावातून यायचे. आमची भातशेती तेव्हा अजून शेतीच होती, तिच्यावर इमारती यायच्या होत्या. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मीच पहिली, त्यामुळे जीभ जरा जास्तच तिखट होती. सर ठाण्याहून, कोपरीहून यायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि विद्यार्थ्यांनासुद्धा अहो-जाहो. आम्हाला आधी ती थट्टाच वाटली. माझ्यासारख्या गावाकडच्या मुलीला कोणी ‘तुम्ही’ म्हणायची ती पहिलीच वेळ होती.

विषय होता अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा वैचारिक पाया. नाव ऐकूनच अर्धा वर्ग पेंगायला लागायचा. सर मात्र दरवर्षी त्याची सुरुवात एका खटल्याने करत. आरोपी इंग्लंडचा राजा आणि फिर्यादी अमेरिकेतल्या त्याच्या वसाहती. तक्रारी फळ्यावर लिहिलेल्या असत. आम्हाला न विचारता कर लादले, आमच्या गावांत सैन्य आणून बसवलं, न्यायाधीशांचा पगार आपल्या मर्जीवर ठेवला, ज्यूरीपुढे उभं राहण्याचा आमचा हक्क काढून घेतला. सगळा वर्ग वसाहतींच्या बाजूने उभा राहायला तयार. राजाचा सगळ्यात जास्त राग कोणाला आला आहे, असं सरांनी विचारलं आणि माझा हात सर्वांत आधी वर गेला.

“छान,” सर म्हणाले. “भोईर, तुम्ही राजाच्या वकील.”

मी चिडले, घुश्शातच लायब्ररीत जाऊन बसले. आणि शोधायला लागल्यावर दिसलं की राजाकडे बोलण्यासारखं बरंच आहे. वसाहतींच्या रक्षणासाठी झालेल्या लढाईचा खर्च कोणी द्यायचा? खुद्द इंग्लंडातल्या बहुतेक लोकांना तरी कुठे मताचा हक्क होता? खटला मी हरले, पण निकालासाठी हात वर करताना बऱ्याच जणांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. नंतर सरांनी सांगितलं की वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची मोठी जंत्री होती, राजाचं उत्तर कुठेच नव्हतं. भांडणाच्या कागदात ते नसणारच, पण आपल्या वर्गात तरी असावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे वर्षभर सर त्याच खटल्याचे धागे उलगडत. वसाहतींनी इंग्लंडशी भांडण केलं ते इंग्लंडच्याच हत्यारांनी, हे त्यांचं आवडतं सूत्र. सरदारांनी जुन्या काळी राजाकडून लिहून घेतलेली सनद, कारण दाखवल्याशिवाय कोणाला कोठडीत ठेवता येणार नाही हा नियम, पार्लमेंटने राजावर घातलेल्या अटी, हे सगळं त्या लोकांना वाडवडिलांकडून आलेलं होतं. त्यात त्यांनी प्रबोधनकाळाच्या नव्या विचारांची भर घातली. माणसाचे हक्क सरकारने दिलेले नसतात, ते आधीपासूनच असतात. सरकार म्हणजे लोकांनी विश्वासाने सोपवलेलं काम, विश्वास मोडला तर ते काढून घेता येतं. राज्य मुळात हवंच कशाला, याचं एका इंग्रज विचारवंताने दिलेलं उत्तर सर फार रंगून समजावत. राज्य नसेल तर जो तो आपल्या भांडणात आपणच न्यायाधीश होतो आणि आपल्याच बाजूने निकाल लावून मोकळा होतो. या उत्तराशी माझी पुढे फार जवळून ओळख व्हायची होती.

सत्तेच्या वाटण्यांचा भाग ते गोष्टीसारखा सांगत. फ्रान्समधल्या एका न्यायाधीशाने इंग्लंड पाहून लिहिलं की तिथे कायदे करणारे, ते राबवणारे आणि न्याय देणारे वेगवेगळे आहेत. प्रत्यक्षात इंग्लंडात तसं फारसं नव्हतंच. पण अमेरिकेतल्या लोकांनी ते वर्णन खरं मानलं आणि आपलं घर त्या नकाशावर बांधलं. इथे सर मिश्कील हसत आणि गैरसमजातूनसुद्धा चांगलं काही उभं राहतं म्हणत. लगेच पुढे हेही सांगत की सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्यांच्या शेतांवर गुलाम राबत होते. ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, आणि त्या तासाला कोणी पेंगत नसे.

वर्गात शिकवलेलं घरी पाळायचं, ही सरांची खोड. त्यांच्या कोपरीच्या सोसायटीत सेक्रेटरीविरुद्धच्या तक्रारी सेक्रेटरीकडेच द्यायच्या असत. सरांनी सभेत उठून त्यासाठी वेगळी माणसं नेमा म्हटलं. गळक्या पाइपपायी अमेरिका कशाला आणता, म्हणून लोक हसले. सर प्रत्येक सभेत तेच मांडत राहिले आणि शेवटी कंटाळून लोकांनी माणसं नेमली. पाइप अजून गळतो, पण तक्रार आता दुसऱ्याकडे जाते, हे सर समाधानाने सांगतात.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते सांगते. एम.ए. झाल्यावर मी त्याच कॉलेजात, सरांच्याच विभागात प्रोबेशनवर लागले. सरांनी तो खटला माझ्याकडे सोपवला. माझ्या दुसऱ्या वर्षी मुलांनी आरोपीच बदलला. “मॅडम, तो इंग्लंडवाला राजा कशाला? आपल्याकडे आहेत ना,” असं म्हणून त्यांनी आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेलाच पिंजऱ्यात उभं केलं. लायब्ररी दुपारनंतर बंद का, कॉलेजचा हॉल लग्नांना का देता, मुलींच्या खोलीला कडी का नाही, अशा तक्रारींनी फळा भरला. मला त्यात धोका दिसला नाही, कारण पद्धत सरांचीच होती. संस्थेवर सगळ्यात जास्त चिडलेल्या मुलीला मी संस्थेचं वकीलपत्र दिलं.

ती मुलगी ऑफिसात गेली, लायब्ररीत गेली, माणसांना भेटली. हॉलच्या भाड्यावर प्रयोगशाळा चालते आणि लायब्ररीतली रिकामी जागा सरकारकडून भरून मिळत नाही, हे तिने शोधून काढलं. कडीचं तिने कबूल केलं. तिने असा काही बचाव केला की वर्गाने बहुमताने संस्थेला निर्दोष सोडलं. निकाल तोंडी झाला. फळ्यावर मात्र तक्रारी तशाच राहिल्या, आणि कोणीतरी त्या उतरवून संस्थेच्या सचिवांकडे पोचवल्या.

सचिवांनी माझ्यावर मुलांना भडकवल्याचा ठपका ठेवला. चौकशी समिती बसली. तक्रारदार सचिव, समितीचे प्रमुख सचिव आणि अहवाल लिहिणारेही सचिवच. सोबत प्राचार्य आणि विभागप्रमुख म्हणून कारखानीस सर. मला बोलावलं ते थेट सह्यांच्या दिवशी, तेही बाहेरच्या बाकावर बसायला. दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. प्राचार्यांनी सही केली. कागद सरांपुढे आला.

“मॅडम बाहेरच बसल्या आहेत,” सर म्हणाले. “त्यांना एक प्रश्न विचारू. मग मी सही करायची की नाही ते ठरवतो.”

त्याची गरज नाही, सगळं स्पष्टच आहे, असं सचिव म्हणाले. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. दोनास एक अशा बहुमताने माझी नोकरी गेली. सेवा असमाधानकारक, एवढंच पत्रात होतं. सरांना तो एक प्रश्न विचारू दिला असता, तर सचिवांना कळलं असतं की ते खटला जिंकले आहेत. आपल्याला निर्दोष सोडणाऱ्या वर्गाच्या बाईला त्यांनी घरी पाठवलं, आणि हे त्यांना कधी समजलं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

सरांचं विभागप्रमुखपद त्याच वर्षी गेलं. अमेरिकेचा पेपर विद्यार्थी नाहीत म्हणून बंद झाला, वर्गात बसायला जागा नसताना. स्टाफरूममध्ये सर आले की शेजारच्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या, आणि निवृत्त होईपर्यंत ते एकटेच चहा घेत. याच ग्रंथात त्यांच्या निर्भीडपणावर बरेच लेख आहेत. ते लिहिणाऱ्यांपैकी एकानेही तेव्हा त्यांच्यासोबत कप उचलला नाही. मी नावं घेत नाही. अनुक्रमणिका तुमच्या हातात आहे.

सरांचा स्नेह म्हणाल तर एक प्रसंग पुरे. माझी नोकरी गेल्यावर सर काकूंना घेऊन आमच्या गावी आले. माझे बाबा मिठागरावर आणि शेतात वाढलेले, त्यांना चौकशी समिती वगैरे कळत नव्हतं, पोरीचा अपमान कळत होता. “सर, तुमी नुसतं सांगा, सगला गाव घेऊन येतो,” बाबा म्हणाले. सरांनी हात जोडले. तुमची बाजू खरी आहे, पण गाव आला तर ते म्हणतील बघा, आम्ही बरोबर होतो, असं त्यांनी बाबांना समजावलं. बाबांना ते पटलं नाही, पण त्यांनी सरांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुढे सर माझ्यासोबत वकिलांकडे आले. प्रोबेशनवरच्या माणसाच्या हाती फारसं काही नसतं, असं वकिलांनी सांगितलं.  परतताना मी रडले, ते माझ्यासाठी कमी आणि त्यांचा पडलेला चेहरा पाहून जास्त.

आता मी डोंबिवलीत स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये राज्यशास्त्र शिकवते. पोट चालतं. तिथे कोणाला बाजू मांडावी लागत नाही, चार पर्यायांतला एक निवडायचा असतो. मुलं पाठांतरात हुशार आहेत. वर्गात खटला चालवायची हिंमत मी पुन्हा केलेली नाही.

तेव्हाचे सचिव आज संस्थेचे अध्यक्ष आहेत, आणि या गौरव समितीचेही. सरांचे विद्यार्थी आता मोठ्या जागांवर आहेत, त्यामुळे सरांचा सत्कार संस्थेला शोभून दिसतो. सरांनी होकार दिल्याचं ऐकलं आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तडक कोपरीला गेले. त्या माणसाच्या हातून शाल घेऊ नका, असं सांगायलाच गेले होते. काकूंनी ठेवलेल्या पाण्यालाही मी हात लावला नाही.

सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की शालीची मला हौस नाही, ठाण्याच्या उकाड्यात ती कुठे घालू? होकार देताना त्यांनी अट घातली होती. या ग्रंथात भोईरबाईंचा लेख येईल, त्यातला एकही शब्द कापला जाणार नाही. आणि त्याच्याच शेजारी अध्यक्षांनाही हवं तेवढं लिहायला जागा मिळेल. समितीने अट मान्य केली होती.

मी आणखी चिडले. त्यांना कशाला जागा, असं विचारलं. इतकी वर्षं सगळी जागा त्यांचीच तर होती.

“तुमचं न ऐकता त्यांनी निकाल दिला,” सर म्हणाले. “तुम्हीही तेच करणार का?”

 खरं सांगायचं तर सरांचं हे म्हणणं मला अजून पटलेलं नाही. काही माणसांशी इतकं नीट वागायची गरज नसते. मी तसं त्यांच्या तोंडावर बोलले आणि रागातच परत आले. घरी येऊन हा लेख लिहायला घेतला, कारण सरांनी मागून आणलेली सुनावणी नाकारणं मला जमणारं नव्हतं.

समितीने शब्द पाळला. हा लेख जसाच्या तसा छापला जातो आहे, आणि अध्यक्षांचा मजकूर शेजारच्या पानावर आहे. छापण्याआधी तो मला पाठवला गेला, म्हणून हा शेवटचा भाग मी नंतर जोडला आहे. मी चष्मा पुसून वाचायला बसले.  त्या बाईंनी मर्यादा सोडली होती, एवढं जरी त्यांनी लिहिलं असतं तरी मला चाललं असतं. त्यावर बोलता आलं असतं, भांडता आलं असतं. तिथे आहे तो शुभेच्छा संदेश. त्यात सरांचं ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व आहे, संस्थेची घोडदौड आहे, नव्या इमारतीचा उल्लेखही आहे. त्या अहवालाबद्दल आणि माझ्याबद्दल एक ओळ नाही. सरांनी त्यांना हवी तेवढी जागा मिळवून दिली होती, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

मी सरांना फोन करून सांगितलं.  ते म्हणाले, “थांबू या. त्यांना अजून वेळ देऊ.”

तेव्हा सर, आता तुम्हीच थांबायचं आहे. प्रकृती सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, काकू सांगतात तसं संध्याकाळी फिरायला जा. अध्यक्ष महोदयांचं उत्तर येईपर्यंत तुम्हाला धडधाकट राहायचं आहे, आणि माझा अंदाज विचाराल तर ते तुमच्या शंभरीच्या आत येत नाही.